कल्हईचा चमचा आणि बिनगळाचा मासा

माझ्या संग्रहातली सगळ्यात मोलाची वस्तू मीच खराब केली आहे. तेव्हा सुरुवात तिच्यापासूनच करते.

बाबा गेल्यावर महिनाभराने माळ्यावरून त्यांचा तंबाखूचा पत्र्याचा डबा खाली काढला. आत गरवायचं सामान होतं. गळांची पुडी, शिशाचे चपटे तुकडे, मेण लावलेला दोरा आणि धोतराच्या चिंधीत गुंडाळलेला एक पितळी चमचा. चमच्याची दांडी कापलेली, वाटी ठोकून लांबट केलेली, दोन्ही टोकांना भोकं. एका भोकात तारेची कडी आणि तिला अडकवलेला गळ, दुसऱ्यात दोरा बांधायची कडी. आई म्हणाली, "लग्नातल्या सहा चमच्यांतला सहावा हाच. मी तो चाळीस वर्षं शोधत होते."

चमचा काळपट पडला होता. मी बसले आणि चिंच, मीठ, राख घेऊन काथ्याने घासला. अर्ध्या तासात सोन्यासारखा झाला. मला इतका आनंद झाला होता की काका आल्याबरोबर त्यांच्या हातात ठेवला. काकांनी उलटापालटा केला आणि विचारलं, "आणि कल्हई कुठे गेली?"

बाबांनी कल्हईवाल्याकडून चमच्याच्या फक्त आतल्या बाजूला कल्हई करून घेतली होती. बाहेरची बाजू पिवळी, आतली पांढरी. मालवणात राजकोटच्या खडकांवरून फेकला आणि दोरा ओढू लागलं की चमचा स्वतःभोवती गिरक्या घ्यायचा. पिवळा, पांढरा, पिवळा, पांढरा. तारलीचा थवा पाण्यात वळतो तेव्हा असाच लकाकतो. म्हणून टोळ यायचा, भाग्य असेल तर तांबोशी. मी जो मळ समजून घासला, त्यातच बाबांची सगळी अक्कल होती. आता काठाला नखाएवढी एक पांढरी रेघ उरली आहे. पुन्हा कल्हई करून घे, असं बरेच जण सांगतात. मी करणार नाही. बाबांनी ज्याच्याकडून करून घेतली तो माणूस, त्याचा भाता, त्याचा नवसागर, त्यांनी त्याला काय समजावून सांगितलं असेल ते, यातलं काहीच त्या नव्या कल्हईत नसेल.

त्या दिवसापासून मी हाताने केलेली मासे भुलवायची जुनी साधनं जमवते. याला आता बारा वर्षं झाली.

बाजारात प्लास्टिकचे रंगीत मासे टांगलेले असतात, ते मी जमवत नाही. माणसाने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पाण्यासाठी केलेली वस्तू असेल तरच घेते. मी शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे फोटो काढण्यापेक्षा प्रत्येक वस्तूचं मापात चित्र काढते आणि खाली लिहिते: कोणी केली, कुठे वापरली, कुठला मासा, कुठल्या तिथीला. तिथीचा रकाना आधी नव्हता, तो काकांनी घालायला लावला. पुनव-अवसेच्या उधाणाला पाणी ढवळून गढूळ होतं, अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी मंद आणि निवळ असतं. कोलंबीचा तुकडा गळाला लावला तर गढूळ पाण्यातही वासावर मासा येतो. चमच्याला वास नाही. तो दिसला पाहिजे. म्हणून बाबांचा चमचा भांगाचा, आणि तोही पावसाचं पाणी निवळल्यानंतरचा, दिवाळीपासून पुढचा. हे कळलं नसतं तर माझ्याकडे नुसता एक वाकवलेला चमचा असता.

चमच्याची युक्ती बाबांनी कुठून उचलली ते मला कधी विचारता आलं नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या व्हाइटहॉल गावच्या ज्युलिओ ब्यूएल नावाच्या माणसाने 1852 मध्ये अशा चमच्याचं पेटंट घेतलं होतं. होडीत बसून जेवताना त्याच्या हातून चमचा तळ्यात पडला आणि मोठ्या माशाने त्यावर झडप घातली, अशी तिकडे दंतकथा आहे. मालवणात आणि व्हाइटहॉलमध्ये स्वयंपाकघरातला चमचाच माशाला आवडावा, याचं मला मुळीच नवल वाटत नाही. दोन्हीकडच्या माशांना लहान मासेच खायचे असतात आणि लहान मासे दोन्हीकडे चमकतात.

आपल्याकडच्या अशा वस्तू इतक्या कमी का सापडतात, यावर मी बराच विचार केला आहे. खारं पाणी लोखंडाला ठेवत नाही, हे एक. पांगाऱ्याचं लाकूड हलकं म्हणून घेतात, पण त्याला कीडही लवकर लागते. पण खरं कारण शिसं आहे. शिसं वाया घालवत नाही कोणी. दोरा तुटला, गळ गंजला की वस्तूतलं शिसं काढायचं, करवंटीच्या विस्तवावर वितळवायचं आणि त्याचंच नवं वजन किंवा पागाच्या, म्हणजे फेकायच्या जाळ्याच्या, गोळ्या करायच्या. म्हणजे आजोबांची वस्तू नातवाच्या पागात असते, फक्त तिचा आकार गेलेला असतो. माझ्या हाती लागतात त्या विसरलेल्या वस्तू. होडीच्या खोपीत वाशाला खोचून ठेवलेल्या, माळ्यावरच्या पेटीत राहिलेल्या, एकदा तर देवघराच्या फडताळात, कापराच्या डबीत.

पुण्याला केलकर संग्रहालयात अडकित्त्यांपुढे मी एकदा तासभर उभी होते. दिनकर केलकरांनी घराघरांतून अडकित्ते, दिवे, दौती, वज्र्या आणल्या. लोकांच्या लेखी तेव्हा ती अडगळच असणार. त्या दिवशी मला धीर आला. त्यानंतर मी कोणाच्या दारात गेले की संकोच न करता विचारते, "जुनं गरवायचं काही आहे का?" बाई हे विचारते म्हणून लोक थोडे थबकतात. मग आत जाऊन काहीतरी घेऊन येतात.

आबांकडे अशीच गेले होते. आबा म्हणजे आमच्या वाडीच्या टोकाला राहणारे, मासेमार गाबीत समाजातले आजोबा, आता ऐंशीच्या पुढचे. त्यांच्या खोपीत पांगाऱ्याची एक कोलंबी सापडली. वीतभर लांब, पाठीला बाक, डोळ्यांच्या जागी काळे मणी, अंगावर चंद्रुसाच्या रोगणाचा हात. शेपटीला गळ नव्हता. त्याऐवजी फुलाच्या पाकळ्यांसारख्या वर वळवलेल्या सात टोकदार सुया. छत्रीच्या काड्या तोडून, घासून केलेल्या. पोटाखाली शिशाचा लहानसा गोळा.

आबा म्हणाले, "ह्यो कचरो. होयो तर घेवन जा."

ती माकूल, म्हणजे स्क्विड, पकडायची कोलंबी. माकूल चावत नाही, मिठी मारतं. हातांनी कवटाळलं की ते सुयांत अडकतं, मग सावकाश वर घ्यायचं. सुयांना गळासारखा उलटा काटा नसतो, म्हणून दोरा एकदाही सैल सोडायचा नाही. सोडला की गेलं. आबा रात्री होडीत पेट्रोमॅक्सची बत्ती टांगून जायचे. उजेडाच्या कडेला, जिथे प्रकाश संपून अंधार सुरू होतो, तिथे ही कोलंबी सोडायची. माकूल उजेडात थांबत नाही, काठावरच्या अंधारात दबा धरून असतं, हे त्यांनी मला हाताने हवेत रेघ ओढून दाखवलं. (आताच्या एलईडी दिव्यांची गोष्ट वेगळी. एका बत्तीच्या उजेडात एक माणूस एका दोऱ्याने काय नेणार! त्या झगमगाटाच्या मासेमारीला केंद्र सरकारने 2017 मध्ये बंदी घातली, ती योग्यच होती असं माझं मत आहे.)

जपानी कोळीही माकूल पकडायला अशीच लाकडी कोलंबी करतात. तिला तिकडे एगी म्हणतात आणि तिच्या शेपटीलाही असंच सुयांचं फूल असतं. आबांना मी तिचं चित्र दाखवलं. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, तिची शेपूट फार सरळ आहे.

पण मला सगळ्यात आवडलं ते पोटाखालचं शिसं. त्याच्यावर बोटांच्या ठशांसारख्या बारीक, लाटालाटांच्या रेघा होत्या. मला वाटलं कोरल्या असतील. आबांनी खोपीच्या कोपऱ्यातून समुद्रफेनाचा एक तुकडा काढून दिला. किनाऱ्यावर पांढरी, हलकी, होडीच्या आकाराची फेनं पडलेली आपण लहानपणी पाटी पुसायला आणायचो, तीच. ते माकलाच्या जातीतल्याच एका प्राण्याच्या पाठीतलं हाड. इतकं मऊ की वस्तू दाबली की ठसा उठतो, आणि आगीला टिकतं. दोन फेनं घासून सपाट करायची, मधे लाकडी गोळा दाबून ठसा घ्यायचा, वरून वाट कोरायची, सुतळीने बांधायचं आणि आत शिसं ओतायचं. सोनारही असं ओतकाम करतात. त्या लाटालाटांच्या रेघा म्हणजे फेनाचे थर. साचा एकदाच वापरता येतो, नंतर जळून काळा पडतो. म्हणजे प्रत्येक गोळा एकटाच. आता मी शिशाचं वजन हातात घेतलं की आधी भिंगाखाली त्या रेघा शोधते. रेघा असल्या की ते घरी ओतलेलं.

परदेशातल्या वस्तूंबद्दल मी आधी फारसं वाचलं नव्हतं. मावसभाऊ मिनेसोटात असतो, त्याने मला या नादाची पुस्तकं पाठवायला सुरुवात केली. तिकडे हा मोठा व्यवहार आहे. मिशिगनमधल्या डोवाजॅक गावचे जेम्स हेडन मधमाश्या पाळायचे. ते तळ्याकाठी बसून चाकूने लाकडाचा तुकडा तासत होते, उठताना तो पाण्यात भिरकावला आणि माशाने झडप घातली. मग त्यांनी लाकडी बेडूक केले आणि पुढे त्यातून कारखाना उभा राहिला, असं सांगतात. फिनलंडच्या लाउरी रापालांनी 1936 मध्ये बुचाच्या लाकडाचा मासा चांभारी चाकूने कोरला, त्याला चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी चिकटवली आणि वरून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून लेप दिला. हे वाचून मी आईला हाक मारली. चमचा, छत्रीच्या काड्या, चॉकलेटची चांदी! घरातलं काय कमी झालं ते घरच्या बाईला सगळ्यात शेवटी कळत असणार.

पैशाचं एकदाच सांगते. ओहायोतल्या रायली हॅस्केल यांनी 1859 मध्ये पेटंट घेतलेल्या धातूच्या माशांपैकी एक मोठा मासा 2003 मध्ये लिलावात 1,01,200 डॉलरला गेला. हा आकडा मी कोणाला सांगितला की लोक लगेच माझ्या कपाटाकडे बघतात. माझ्या कपाटातल्या वस्तूंना बाजार नाही, आणि नसलेलाच बरा. बाजार आला की नकला येतात आणि मग आबांच्या खोपीत माझ्याआधी दुसरं कोणीतरी पोचेल.

गेल्या आषाढात भाऊ सुट्टीला आला. बॅगेतून लोकरीचा एक मोजा काढून माझ्या हातात दिला. आत मासा होता. लाकडाचा, आठ इंचांचा, तोंड लाल आणि बाकी अंग पांढरट. पत्र्याचे पाच पर, डोळ्यांच्या जागी खिळ्यांच्या टोप्या, पोटात खाच करून ओतलेलं शिसं. शेपूट डावीकडे वळलेली. पाठीवर पुढच्या बाजूला दोरा बांधायची एक कडी. मी तो सगळीकडून फिरवून पाहिला आणि विचारलं, "गळ कुठाय?"

"नसतोच, ताई."

तिकडे हिवाळ्यात तळी गोठतात. माणसाने चालायला निदान 4 इंच घट्ट, स्वच्छ बर्फ लागतो. तो झाला की लोक बर्फावर छोटी खोपटी ओढून नेतात, बर्फाला चौकोनी भोक पाडतात आणि खोपट्याला एकही झरोका ठेवत नाहीत. आत काळोख. बाहेर बर्फावर पडलेला उजेड खाली पाण्यात उतरतो आणि आतल्या काळोखातून ते भोक दिव्यासारखं उजळलेलं दिसतं. तळापर्यंत सगळं स्पष्ट. माणूस एका हातात काठीला बांधलेला हा लाकडी मासा वरखाली करतो, दुसऱ्या हाताशी भाला. मासा वर ओढून सोडला की वळलेल्या शेपटीमुळे आणि परांमुळे गोल गोल पोहतो. पाइक नावाचा लांब तोंडाचा, दातेरी मासा त्याला बघायला येतो. बस, बघायलाच. म्हणून गळ नको. भाऊ म्हणाला, तासन्‌तास कोणी बोलत नाही आणि पाइक आला तरी कळत नाही, तो एकदम तिथे असतोच. अमेरिकेतले मूळ रहिवासी ही पद्धत गोऱ्यांच्या कितीतरी आधीपासून जाणत होते. मिशिगनच्या कॅडिलॅक गावात ऑस्कर पीटरसन (1887–1951) यांनी असे हजारो मासे कोरले, ते तेव्हा किरकोळ किमतीला जायचे आणि आज लोक कलावस्तू म्हणून भिंतीवर लावतात. माझा मासा त्यांचा नाही. भावाने तो एका घराच्या जुन्या सामानाच्या विक्रीत घेतला. कोणी केला ते विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं. पाठीवर दातांच्या ओरखड्यांची एक तिरपी रांग आहे.

माझ्या वहीत पहिल्यांदाच असं झालं की "कोणी केली" रिकामं, "कुठे वापरली" रिकामं. आणि वस्तू हातात धरून काहीच कळेना. ती काय करते ते पाहिल्याशिवाय मला चित्र काढता येईना. काढलं तर ते खेळण्यातल्या माशाचं झालं असतं.

मासेमारी बंदीचे दिवस होते, 1 जून ते 31 जुलै. होड्या झापांखाली झाकलेल्या. समुद्र लाल, खाडी लाल. निवळ पाणी एकाच ठिकाणी होतं, आमच्या विहिरीत. आषाढात आमची विहीर भरते ती अगदी दोन हातांवर येते. मी आबांना बोलावणं पाठवलं.

ते काठी टेकत आले. माशाला अंगठ्याने सगळीकडून चाचपून पाहिलं. "ह्येका गळ खय आसा?" मी सांगितलं तसं म्हणाले, "मगे मासो गावतलो कसो?" भावाने भाल्याचं सांगितलं. आबांनी मान हलवली, पण त्यांचं लक्ष शेपटीकडे होतं. बोटाने ती वळणाच्या दिशेने पुन्हा पुन्हा घासत होते.

विहिरीच्या काठावर वाकलं की आभाळच दिसायचं, पाण्याच्या आतलं काही नाही. मग भाऊ आतून घोंगडी घेऊन आला. मी आणि आबा कठड्यावर ओणवे झालो आणि त्याने आमच्या डोक्यावरून घोंगडी टाकली. क्षणभर काही दिसेना, नुसता ओल्या लोकरीचा वास. मग हळूहळू पाणी उघडलं. विहिरीच्या पलीकडच्या काठाने उजेड आत शिरत होता आणि जांभ्याचे चिरे, त्यांच्या फटीतलं नेचं, खाली अगदी पायरीपर्यंत दिसायला लागलं.

मी दोरा सोडला. मासा तिरपा होत खाली गेला आणि लाकडाच्या तुकड्यासारखा लोंबकळत राहिला. मला वाटलं, दोऱ्याची गाठ चुकली.

"खाली सोड. अजून सोड," आबा म्हणाले. मग त्यांनी दोरा माझ्या हातातून घेतला. नुसत्या मनगटाने, दोन बोटं वर उचलून एकदम सैल सोडला.

लाकडी मासा जागा झाला. पर पसरून डावीकडे झुकला, एक पूर्ण फेरी घेतली आणि जिथून निघाला तिथेच येऊन थांबला. आबांनी पुन्हा उचलला. पुन्हा फेरी, या वेळी मोठी, चिऱ्यांच्या जवळून. विहिरीतली मळ्या माशाची दोन पिल्लं फटीतून बाहेर आली आणि त्याच्याकडे तोंड करून थांबली.

"बघ, बघ! फिरता!" घोंगडीखाली आबांचा आवाज घुमला. आणि मग बराच वेळ काही न बोलता ते दोरा उचलत राहिले, सोडत राहिले. माझी पाठ भरून आली होती, पण उठावंसं वाटलं नाही. ज्याने तो कोरला त्याच्याबद्दल शेवटी ते एवढंच म्हणाले, "मेल्यान बरो केल्यान हा."

ओसरीवर बसून चहा घेताना त्यांनी माझी वही मागितली. कोऱ्या पानावर मासा आडवा ठेवला आणि सुतारी पेन्सिलीने त्याच्याभोवती रेघ ओढली. नंतर मासा उभा धरून शेपटीचं वळण वेगळं काढून घेतलं, दोनदा पुसून. पान फाडू का, असं डोळ्यांनीच विचारलं. मी या वहीतलं पान कधी कोणाला दिलेलं नाही. त्या दिवशी दिलं.

"पांगाऱ्याचा लाकूड गावता काय बघ," घडी घालून बंडीत ठेवताना ते म्हणाले. "मी मात्र ह्येका गळ लावतलंय."